रॉकेटशिप एक्स-एम
अल्प खर्चात निघालेला अमेरिकी विज्ञान-साहसपट (१९५०). लेखन, निर्मिती व दिग्दर्शन कर्ट न्यूमन यांचे. जॉर्ज पाल यांच्या ‘डेस्टिनेशन मून’ या खर्चिक रंगीत चित्रपटाचा गाजावाजा चालू असतानाच हा कृष्णधवल चित्रपट झटपट पुरा करून त्याच्याआधी पडद्यावर आणला गेला. चंद्राकडे निघालेले यान भरकटून मंगळावर पोहोचते. तेथे अणुयुद्धात बेचिराख झालेल्या संस्कृतीचे अवशेष आढळतात. मंगळासाठी कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीचे वाळवंट वापरून त्या दृश्यांना तांबूस छटा दिली. काटकसरीची ही युक्ती आजही परिणामकारक वाटते. विज्ञान मात्र कच्चेच. परतताना इंधन अपुरे पडून उरलेले प्रवासीही मरतात, हा शेवट धाडसी म्हणावा लागेल. प्रमुख भूमिका लॉइड ब्रिजेस व ओसा मॅसन यांच्या आहेत.