गिआ सर्किट

मकाव शहरातील मोटार शर्यतींचा जगप्रसिद्ध मार्ग. लांबी सुमारे 6.12 किमी. त्यासाठी स्वतंत्र धावपट्टी नाही; दरवर्षी शर्यतीपुरते शहराचे रोजचे रस्ते बंद करून, दुतर्फा लोखंडी कठडे उभारून तो तयार केला जातो. गिआ टेकडीवरून त्याला हे नाव मिळाले.

मकाववर पोर्तुगीज राजवट असताना, 1954 साली, स्थानिक मोटारप्रेमींच्या पुढाकाराने येथे पहिली मकाव ग्रां प्री झाली. चार तासांची ही शर्यत एदुआर्दो द कार्व्हाल्यो यांनी ट्रायम्फ टीआर-2 मोटारीतून जिंकली. 1967 मध्ये मोटारसायकलींची शर्यत सुरू झाली. याआधी दोनदा विजेते ठरलेले फिलिपिनो चालक डोजी लॉरेल यांचा त्याच वर्षी येथे अपघाती मृत्यू झाला. 1972 पासून टूरिंग मोटारींची गिआ शर्यत होऊ लागली. 1983 मध्ये मुख्य शर्यत फॉर्म्युला थ्री गटाकडे आली. त्या वर्षी आयर्टन सेना व 1990 मध्ये मायकेल शूमाकर विजयी झाले. दोघेही पुढे फॉर्म्युला वनचे जगज्जेते ठरले.

समुद्राकडील लांब सरळ रस्त्यावर मोटारी भरधाव सुटतात आणि लिस्बोआच्या काटकोनी वळणावर त्यांना एकदम वेग आवरावा लागतो. पुढे टेकडीवरचा चढ-उताराचा, वळणावळणांचा टप्पा लागतो. मेल्को हे वळण इतके अरुंद आहे, की तेथे पुढच्या मोटारीला मागे टाकण्यास मनाई असते. 1999 मध्ये मकाव चीनकडे गेल्यानंतरही शर्यतींची परंपरा चालू राहिली.