कल्याण बंदर आणि घाटाखालची लेणी : कर्जत–खालापूरच्या तरुणांनी आपला इतिहास कुठे वाचावा?

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही या दोन तालुक्यांचा प्राचीन इतिहास समजून घ्यायचा असेल तर सुरुवात बंदरापासूनच करावी लागते. ते बंदर म्हणजे कल्याण. आज लोकलमधून कर्जत–खोपोलीकडे येताना आपण ज्या जंक्शनवरून पुढे जातो, तेच सातवाहन काळात पश्चिम किनाऱ्यावरचे एक नावाजलेले व्यापारी शहर होते. त्या शहराचे वाडे, बाजार, धक्के आज दिसत नाहीत; आधुनिक कल्याण त्यावरच वसले आहे. पण त्या शहरातील माणसांची नावे, त्यांचे व्यवसाय, त्यांनी दिलेले दान हे सगळे डोंगरातल्या बुद्ध लेण्यांच्या भिंतींवर टिकून राहिले. बंदर गाडले गेले, त्याची नोंदवही मात्र लेण्यांमध्ये शिल्लक आहे. ती वाचता येणे आणि जपणे हे आपल्या पिढीचे काम आहे, म्हणून हा लेख.

कल्याण : बंदराचा इतिहास

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशी-व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने तो ग्रंथ ओळखला जातो. त्यात भडोचच्या दक्षिणेकडील बंदरांमध्ये सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावे येतात. सातकर्णी राजाच्या काळात कल्याण ही अधिकृत बाजारपेठ होती, पण पुढे राजकीय संघर्षामुळे तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात नमूद आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील झगडा केवळ जमिनीसाठी नव्हता, तो बंदरांच्या उत्पन्नासाठीही होता, हे यावरून लक्षात येते.

पैठण आणि तेर ही देशावरची मोठी शहरे होती. तिथून कापड आणि मौल्यवान दगड किनाऱ्याकडे येत. समुद्रापलीकडून मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि काच असा माल येई. रोमन मद्यकुंभांचे तुकडे जुन्नर आणि तेरच्या उत्खननांत मिळाले आहेत. म्हणजे समुद्रातून आलेला माल घाट चढून आत जात होता.

कल्याणचे महत्त्व पुढेही टिकले. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने कल्याणहून तांबे, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते, असे लिहिले. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि मराठ्यांच्या जहाजबांधणीची सुरुवात याच खाडीशी जोडली जाते.

एकच नदी : कोंडाण्यापासून सोपाऱ्यापर्यंत

नकाशा समोर ठेवला की बरेच काही उलगडते. उल्हास नदी लोणावळा–राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत तालुक्यातून वाहते, बदलापूरवरून कल्याणला पोहोचते आणि शेवटी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या खाडीच्या मुखाजवळ सोपारा. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये सापडला, तो इथेच. १८८२ मध्येच पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि त्यात दगडी मंजूषेतील अस्थिपात्रे आणि बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. पाली परंपरेनुसार अशोकाच्या काळात अपरांतात, म्हणजे या कोकणपट्टीत, धम्म सांगायला आलेल्या थेरांचे नाव योनक धम्मरक्खित होते.

थोडक्यात, पावसाळ्यात कोंडाणे लेण्यासमोर जे पाणी कड्यावरून पडते तेच पाणी कल्याणवरून सोपाऱ्याच्या बाजूला जाते. व्यापाऱ्यांचे तांडे आणि भिक्खू याच खोऱ्यातून उलट दिशेने वर चढत आले. समोर सह्याद्रीची भिंत. ती ओलांडायला बोरघाट आणि त्याच्या आजूबाजूच्या वाटा. वर पोहोचताच कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी.

खालापूरच्या बाजूलाही असेच आहे. खोपोलीजवळून वाहणारी पाताळगंगा धरमतरच्या खाडीकडे जाते. चौल बंदरातून वर येणाऱ्यांनाही हा परिसर गाठावा लागे. शेजारच्या सुधागड तालुक्यात ठाणाळे आणि खडसांबळे ही लेणी आहेत, तीही घाटवाटांच्या पायथ्याशी. वर्षावासासाठी भिक्खूंना निवारा, वाटसरूंना पाणी आणि मुक्काम, तांड्यांना सुरक्षित थांबा, या सगळ्या गरजा एकाच ठिकाणी भागत होत्या. इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी लेणी आणि व्यापारी मार्ग यांचा हा संबंध पायी फिरून दाखवून दिला. पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे ते चिरंजीव. पुण्याहून मुंबईला नोकरीसाठी ते डेक्कन क्वीनने याच बोरघाटातून जात-येत असत.

कोंडाणे लेणी

कर्जत तालुक्यात, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, कोंदिवडे गावाजवळ कोंडाणे लेणी आहेत. हीनयान काळातील, म्हणजे बुद्धमूर्ती घडवली जाण्याच्या आधीच्या काळातील, हा जुना समूह आहे. येथे मूर्ती शोधू नये. येथे पूजनीय आहे तो स्तूप.

चैत्यगृह सुमारे २० मीटर लांब आहे. दर्शनी भागावर पिंपळपानाच्या आकाराच्या कमानी, जाळीची नक्षी आणि नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांची शिल्पे आहेत. लाकडी इमारतीतील तुळया, कमानी दगडात जशाच्या तशा कोरल्या आहेत. सुतारकाम जाणणाऱ्या माणसांनी दगड हाताळला, हे इथे स्पष्ट दिसते. स्तंभांचे खालचे भाग पाण्याने आणि काळाने तुटून गेले आहेत. शेजारच्या विहारात मधल्या मंडपाभोवती भिक्खूंच्या खोल्या आहेत.

दर्शनी भागाच्या एका बाजूला मोठ्या भग्न पुतळ्याचे मस्तक आहे. त्याच्याजवळ धम्मलिपीत, म्हणजे ब्राह्मीत, एक छोटा लेख आहे. हे काम कण्हाचा अंतेवासी, म्हणजे शिष्य, बलक याने केले, असा त्याचा अर्थ. राजाचे नाव नाही, सरदाराचे नाव नाही. घडवणाऱ्याने आपले आणि आपल्या गुरूचे नाव लिहिले. कर्जत तालुक्यात राहणाऱ्या प्रत्येक तरुणाला हे नाव माहीत असायला हवे, असे आम्हाला वाटते.

आंबिवली लेणी

कर्जतहून कशेळेमार्गे कोथळीगडाकडे म्हणजे पेठच्या किल्ल्याकडे जाणारे बरेच जण आंबिवली गावातून पुढे निघून जातात. गावाजवळ चिल्हार नदीच्या काठावर एक मोठा विहार कोरलेला आहे. मधला मंडप आणि तीन बाजूंना खोल्या. कोंडाण्यासारखे शिल्पकाम इथे नाही. पण नदीकाठी, वाटेवर, भिक्खू कसे राहत असतील हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा जवळपास नाही.

दान कोणी दिले?

लेणी राजांनी कोरली, असे सरसकट सांगितले जाते. शिलालेख वेगळे सांगतात. मुंबईजवळच्या कान्हेरीत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. शिलालेखात टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिली. सोपारा आणि चेमुला म्हणजे चौल येथील दात्यांचीही नावे तिथे आहेत. बेडशाला नाशिकच्या श्रेष्ठीच्या मुलाचे दान आहे. कार्ल्याला सुतार, व्यापारी, भिक्खुनी आणि यवन म्हणजे परदेशी वंशाचे लोक यांची दाने आहेत. रायगड जिल्ह्यातच तळा तालुक्यात कुडा लेणी आहेत. तिथे माळी आहे, वैद्य आहे आणि कऱ्हाडहून आलेला लोखंडाचा व्यापारीही आहे.

या यादीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. सोनार, लोहार, सुतार, माळी यांनी स्वतःच्या नावाने दान दिले आणि ते नाव दगडात कोरले गेले. पुढच्या काळात श्रम करणाऱ्यांची नावे ग्रंथांतून गायब झाली आणि त्यांच्या वाट्याला जातीची उतरंड आली. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी आपल्याला धम्माकडे परत नेले तेव्हा त्यांनी कुठलीही परकी गोष्ट आणली नव्हती. त्याच्या खुणा आपल्या गावामागच्या डोंगरात आधीपासून होत्या. लेणी पाहताना हे डोळ्यांसमोर असले की ती सहल राहत नाही.

बंदराची वाट आणि आजचे उद्योग

बंदर बदलले, वाट तीच राहिली. १८३० मध्ये इंग्रजांनी बोरघाटातून गाडीरस्ता सुरू केला. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली. कर्जतवरून घाट चढणारा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. तो बांधताना पटकी, ताप आणि अपघातांत हजारो मजूर दगावले. बलकाचे नाव दगडावर आहे, या मजुरांची नावे कुठेच नाहीत.

१९१५ मध्ये लोणावळ्याच्या धरणांचे पाणी नळांतून खाली आणून खोपोलीत टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले. त्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. वीज तयार करून सोडलेले हे पाणी पाताळगंगा आणि उल्हास या नद्यांना मिळते. त्याच पाण्यावर खोपोलीत आणि पाताळगंगेच्या खोऱ्यात पोलाद, कागद, रसायने असे कारखाने वाढले.

१९८९ मध्ये उरणजवळ जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. आज तिथले कंटेनर द्रुतगती मार्गाने आणि पनवेल–कर्जत लोहमार्गाने घाटाकडे येतात. घाटाचा चढ सदतीसास एक असा तीव्र असल्याने कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी जादा इंजिने लावतात. दोन हजार वर्षांपूर्वी तांडे याच पायथ्याशी दम घ्यायला थांबत असतील. म्हणजे आपले तालुके आजही बंदराच्या वाटेवरचा थांबा आहेत. फरक इतकाच की त्या काळच्या व्यापारातून वाटसरूंसाठी पाण्याची टाकी उभी राहिली. आजच्या व्यापारातून इथल्या ठाकूर-कातकरी वाड्यांना आणि कामगार वस्त्यांना काय मिळते, हा प्रश्न विचारायला हवा.

भेट देणाऱ्यांसाठी

कोंडाण्यासाठी कर्जत स्टेशनवरून कोंदिवडेपर्यंत रिक्षा मिळते, पुढे पायी चढ आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. जोरदार पावसात लेण्याच्या तोंडाशी पाण्याबरोबर दगडही येतात, तेव्हा मुलांना घेऊन जाऊ नये. आंबिवली आणि कोंडाणे एकाच दिवसात घाईने उरकू नयेत. शक्य असेल तर एका रविवारी कोंडाणे आणि पुढच्या रविवारी कार्ले–भाजे असा क्रम ठेवावा. खालचा थांबा आणि वरचा थांबा दोन्ही पाहिले की मार्ग समजतो. वाट दाखवायला गावातलाच माणूस सोबत घ्यावा आणि त्याचा मोबदला द्यावा.

आपण काय करू शकतो?

कोंडाणे लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची हानी हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. कर्जत परिसरात फार्महाऊस आणि रिसॉर्ट ज्या वेगाने वाढत आहेत ते पाहता हा नियम प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावा.

हा कायदा आपल्यालाही लागू आहे. श्रद्धेने का होईना, लेण्यात रंग लावणे, मूर्ती बसवणे, मेणबत्त्या भिंतीला टेकवून लावणे, शिलालेखावर खडू फिरवणे हे करू नये. स्तूपासमोर वंदना घ्यावी, परिसर स्वच्छ ठेवावा, फोटो तारखेसह जपून ठेवावेत. दरवर्षी एकाच जागेवरून घेतलेला फोटो झीज किंवा तोडफोड सिद्ध करायला उपयोगी पडतो. नुकसान दिसले तर पुरातत्त्व खात्याच्या मुंबई मंडळाला आणि तहसीलदारांना लेखी कळवावे, त्याची पोच घ्यावी आणि उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरावा.

आणखी एक काम प्रत्येक विहारात होऊ शकते. धम्मलिपीची अक्षरे शिकायला काही रविवार पुरतात. ज्या मुलाला ती अक्षरे ओळखता येतात, त्याच्यासमोर कुणी लेण्याला पांडवांचे नाव दिले तर वाद घालायची गरज पडत नाही. तो भिंतीवर बोट न टेकवता दुरूनच ‘बलक’ हे नाव वाचून दाखवतो.