बर्फातली तालीम

बाटाची वहाण कधी पायात घातली नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागेल. पण या बाटाचे मूळ गाव आपल्याकडचे नव्हे. युरोपात मोराव्हिया म्हणून एक प्रांत आहे. तो पूर्वी झेकोस्लोव्हाकियात होता, १९९३ पासून चेक प्रजासत्ताकात आहे. तिथल्या झ्लिन गावी १८९४ साली बाटा भावंडांनी हा कारखाना काढला. १९४१ च्या मे महिन्यात या कारखान्यातल्या पोरांची एक शर्यत ठरली. देशावर तेव्हा जर्मनांचा अंमल होता, पण कारखाना चालू होता आणि त्याची खेळाची हौसही चालू होती. देखरेख करणाऱ्याने चार पोरांना हुकूम केला, तुम्ही पळायचे. त्यांतला एक अठरा वर्षांचा काटकुळा मुलगा म्हणाला, मला बरे नाही, माझ्या अंगात ताकद नाही. त्याला डॉक्टरकडे धाडले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, याला काहीही झालेले नाही.

तो मुलगा पळाला आणि सुमारे शंभर जणांत दुसरा आला. सुताराच्या घरातले हे पोर, नाव एमिल झाटोपेक. आजारपणाचे निमित्त सांगून त्याने शर्यत टाळू पाहिली ती एवढ्या एकाच वेळी. पुढे खरोखरीचे आजार आले, तेव्हा हा गडी कोणाचे ऐकेना!

श्रोतेहो, झाटोपेकच्या विजयांच्या याद्या पुष्कळ ठिकाणी मिळतात. मला आज बोलायचे आहे ते त्याच्या हिवाळ्यांबद्दल. मैदानावर टाळ्या पडतात त्या उन्हाळ्यात. पण ते यश मिळवलेले असते आदल्या हिवाळ्यात, आणि तिथे पाहायला कोणी नसते.

त्या मुलखातला हिवाळा म्हणजे आपली मार्गशीर्षातली गुलाबी थंडी नव्हे. पारा शून्याच्या खाली जातो, रस्ते बर्फाने भरतात, दुपारी चारच्या सुमाराला अंधारू लागते. तिकडच्या पळणाऱ्यांचा जुना रिवाज असा, की शरद ऋतूत शर्यती संपल्या म्हणजे बूट खुंटीला टांगायचे, थोडे फिरायला जायचे, फार तर व्यायामशाळेत हातपाय हलवायचे आणि वसंत ऋतू आला की पुन्हा सुरुवात करायची. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने शरीराने कमावलेले गमवायचे आणि पुढचे दोन महिने ते परत मिळवण्यात घालवायचे. आपल्या तालमीतला कोणताही वस्ताद हे ऐकून कपाळाला हात लावील. चार महिने जोर-बैठका सोडलेला पहिलवान जत्रेच्या फडात उतरवायचा कसा?

युद्ध संपल्यावर, १९४५ साली, झाटोपेक सैन्यात गेला आणि ह्रानिट्से गावच्या लष्करी विद्यालयात दाखल झाला. दिवसभर कवायत आणि वर्ग. मोकळा वेळ मिळे तो संध्याकाळी, काळोख पडल्यावर. तेव्हा हा शिपाई हातात विजेरी घेऊन जंगलात शिरे आणि बर्फातून पळे. पायात पळण्याचे हलके बूट नव्हेत, सैन्याचे जड बूट. लोकांना तो वेडाचार वाटे. पण विचार करून पाहा. अंधारात, खाचखळग्यांच्या वाटेवर घोटा मुरगळू नये म्हणून उंच जड बूटच बरा. शिवाय बर्फातून पाय उपसून काढायचा म्हणजे गुडघा उंच उचलावाच लागतो. भातखाचरातल्या चिखलातून चालणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. चार महिने असा पळालेला माणूस वसंतात हलके बूट घालून कोरड्या मैदानावर उतरला, की त्याला पायाला पंख फुटल्यासारखे होणार नाही तर काय?

एकदा घरात धुण्याचा ढीग साठला होता. झाटोपेकने टबात पाणी आणि साबण घातला, त्यात कपडे टाकले आणि त्यांवर उभ्या उभ्या पळत सुटला. हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगे. आपल्या बायाबापड्या नदीवर गोधड्या तुडवतात त्यातलाच प्रकार, फक्त याने तासाचा हिशेब ठेवला!

हा हिशेबच महत्त्वाचा. शिक्षक मंडळींनी इथे जरा लक्ष द्यावे. दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे चारशे मीटरच्या मैदानाला पंचवीस फेऱ्या. जुनी पद्धत अशी, की लांब पळायचे तर सरावही लांब आणि संथ करावा. झाटोपेकने प्रश्न उलटा केला. हळू पळायला मला येतेच आहे, मग त्याचा सराव कशाला? शिकायचे आहे ते जलद पळणे. मग त्याने पल्ल्याचे तुकडे पाडले. दोनशे मीटर जलद, पाच वेळा. चारशे मीटर जलद, वीस वेळा. शेवटी पुन्हा दोनशे मीटर, पाच वेळा. आणि प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये दोनशे मीटर रमतगमत. बेरीज करा. जलद पळणे झाले दहा किलोमीटर, मधले संथ पळणे जवळजवळ सहा. सलग दहा किलोमीटर त्या वेगाने पळता आले नसते, पण तुकड्यातुकड्याने शरीराला त्या वेगाची सवय लागली. तुकड्यांची ही कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. जर्मनीत वोल्देमार गेर्शलर या शिक्षकाने युद्धापूर्वीच ती वापरली होती. पण इतक्या संख्येने आणि ऐन हिवाळ्यात ती चालवण्याची छाती झाटोपेकची. पुढे पुढे तर चारशेचे तुकडे सकाळी पन्नास आणि संध्याकाळी पन्नास, इथवर मजल गेली.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर त्याने २९ मिनिटे ५९.६ सेकंदांत जिंकले. म्हणजे फेरीला सरासरी ७२ सेकंद. पळताना मान एका बाजूला कललेली, जीभ बाहेर, चेहरा असा की माणूस आता कोसळतो की काय. पाहणाऱ्यांना वाटे, हा शेवटची घटका मोजतो आहे. प्रत्यक्षात मागचेच कोलमडत.

आता आजारांकडे वळू. तरुणपणी कामावर जाताना दुतर्फा झाडे लागत. श्वास कोंडून चौथ्या झाडापर्यंत जायचे, मग पाचव्या, असे करता करता एकदा तो बेशुद्ध होऊन पडला. ही काही तालीम नव्हे, हा अविचार, असे माझे स्पष्ट मत आहे. १९५० च्या ऑगस्टमध्ये ब्रुसेल्सला युरोपची अजिंक्यपदे होती. थोडे दिवस उरले असताना अन्नातून विषबाधा होऊन तो रुग्णालयात पडला. तिथून निघाला तो थेट शर्यतीला. दहा हजार मीटर त्याने एक मिनिटाहून अधिक अंतराने जिंकले आणि पाच हजार तेवीस सेकंदांनी. दुखण्याने ताकद जायची ती गेली असेलच, पण पाच हिवाळ्यांची शिल्लक इतकी मोठी होती की थोडी खर्च होऊनही पुरून उरली.

१९५२ साली ऑलिंपिकच्या आधी पुन्हा विषाणूची बाधा झाली. डॉक्टरांनी शर्यतीत उतरू नये म्हणून सांगितले. तो हेलसिंकीला गेला, आणि २० जुलैला दहा हजार मीटर, २४ ला पाच हजार, २७ ला मॅरेथॉन, अशी तिन्ही सुवर्णपदके घेऊन आला. मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदाच पळाला. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती दुसऱ्या कोणालाही जिंकता आलेल्या नाहीत. त्याच आठ दिवसांत, त्याच गावी, आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हेही ध्यानात असू द्या.

पण हेलसिंकीची गोष्ट शाळेतल्या मुलांना सांगताना जपून सांगावी. अंगात ताप असताना धावले तर विषाणूची बाधा हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचू शकते, आणि त्यात जीवही जातो. आज हे वैद्यकाला पक्के ठाऊक आहे. झाटोपेक वाचला, पण ते दैव म्हणायचे. थंडी आणि आजार या दोन गोष्टी एका मापाने मोजण्याची चूक त्याने केली. थंडी बाहेर असते, तिला अंगावर घेता येते. आजार आत असतो, त्याच्याशी झुंजणे म्हणजे स्वतःच्याच घराला धडका देणे.

याची किंमत त्याने पुढे मोजली. त्याची पत्नी डाना हीही ऑलिंपिकची विजेती, भालाफेकीतली. तिचे सुवर्णपदक हेलसिंकीत त्याच २४ जुलैचे. या डानाला खांद्यावर घेऊन तो पळण्याचा सराव करी. १९५६ साली त्याला अंतर्गळ झाला, तो यामुळेच, असे सांगतात. मेलबर्नच्या ऑलिंपिकला जेमतेम दीड महिना उरला असताना शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. हा गडी रुग्णालयातून सुटताच पुन्हा पळू लागला.

१ डिसेंबरला मॅरेथॉन झाली. दिवस कडक उन्हाचा होता. या वेळी शिल्लक पुरली नाही. पहिला आला अल्जीरियात जन्मलेला, फ्रान्सकडून पळणारा आलँ मिमून. लंडनमध्ये झाटोपेकच्या मागे दुसरा आलेला हाच, ब्रुसेल्सच्या दहा हजारांत हाच, हेलसिंकीत दोनदा हाच. जिंकल्यावर तो गर्दीत गेला नाही, शेवटच्या रेषेपाशी वाट पाहत उभा राहिला. एकेक करून चौघे आले. साडेचार मिनिटांनंतर, सहावा, झाटोपेक आला, थकून गुडघ्यांवर बसला. मिमूनने जवळ जाऊन सांगितले, मी जिंकलो. तेव्हा तो उठला, डोक्यावरची टोपी काढली, सैनिकासारखा ताठ उभा राहून त्याने सलाम केला आणि मग मिमूनला मिठी मारली.