सतरा सप्टेंबरनंतरचे आठवडे

आमच्या कळंब्यात १७ सप्टेंबर हा साधा कामाचा दिवस. ऑफिसातल्या धाराशिवच्या मित्राच्या स्टेटसवर मात्र तिरंगा असतो: मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शाळेत मी एवढंच शिकलो होतो की रझाकारांनी छळ मांडला, पटेलांनी सैन्य पाठवलं आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. ते खरंच आहे. फक्त गोष्ट तिथे संपत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल चौधरींच्या फौजा सोलापूरच्या बाजूने संस्थानात शिरल्या. रझाकारांच्या लुटीला आणि खुनांना वैतागलेल्या गावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग सूड सुरू झाला. रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले मुसलमानही त्यात मारले गेले.

बातम्या दिल्लीला पोचल्यावर नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवलं. नोव्हेंबरअखेर ते २१ डिसेंबर ते गावोगाव फिरले. त्यांचा अंदाज: कमीत कमी २७ ते ४० हजार मृत्यू. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला. काही ठिकाणी जवानांनी जमावाला लुटीसाठी चिथावलं, स्वतःही भाग घेतला, असं अहवाल म्हणतो. काही ठिकाणी लष्करी अधिकाऱ्यांनी लोकांना वाचवलं आणि हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना लपवलं, हेही तोच सांगतो.

आता नेहरूंच्या खुर्चीत बसून बघा. काश्मीरमध्ये लढाई चालू. गांधींच्या खुनाला वर्षही झालेलं नाही. राज्यघटना अजून मसुद्यात. हैदराबादचा प्रश्न सुरक्षा परिषदेत. अहवाल छापला तर देशभर पुन्हा आग लागू शकते आणि जिच्यावर सगळी मदार आहे त्या सेनेवरच बोट येतं. दाबला, तर लोकांना उत्तरदायी असलेलं सरकार आणि निजामाचं सरकार यांत फरक काय?

अहवाल छापला गेला नाही. दिल्लीच्या तेव्हाच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचता येतो, ही बातमी आली २०१३ मध्ये.

आमच्या धंद्यात सिस्टिम कोसळली की चूक कुणाची यापेक्षा काय घडलं ते आधी लिहून काढतात आणि सगळ्या टीमला दाखवतात. नेहरूंनी लॉग लिहवून घेतला, पण ॲक्सेस कुणालाच दिला नाही.

तरी त्यांनी विचारलं, हे मला मोठं वाटतं. चौधरींची लष्करी राजवट १९४९ च्या अखेरीस संपली आणि मुलकी कारभार आला. पाकिस्तानात १९५८ मध्ये अयूब खान सत्तेवर बसले. आपल्याकडे तसं कधी झालं नाही. पण लष्कर मुलकी हुकमतीखाली ठेवायचं, तर त्याच्या हातून घडलेल्याचा हिशेबही मुलकी नेत्यानेच लोकांपुढे मांडायला हवा. ते अर्धं काम राहून गेलं.

या वर्षी मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, "आजी रझाकारांच्या गोष्टी रंगवून सांगायची. पुढे काय झालं विचारलं की म्हणायची, जेवायला बसा."