मे महिन्यातलं लग्न, 1637

तर झालं असं, की मागच्या मे महिन्यात एका मित्राचं लग्न ठरलं आणि फोटोग्राफर म्हणून माझी बिनपगारी नेमणूक झाली. आयटीवाल्याच्या गळ्यात बरा कॅमेरा दिसला की लोकांना असे मोह होतातच. लग्न छत्रपती संभाजीनगरात. तेव्हा लग्नाआधीचे जोडीचे फोटो बीबी का मकबऱ्यात, हे नवरीनं परस्पर ठरवून टाकलेलं.

तिच्या आजींना ते मुळीच पटलं नाही. "लग्नाच्या तोंडावर थडग्यापुढं उभं राहायचं? दुसरी जागा नाही का गावात?"

आता थडगं कुणाचं, हे मलाही धड माहीत नव्हतं. वीकेंडला वाचत बसलो.

दिलरस बानू बेगम. शाहनवाज खान सफवीची मुलगी, औरंगजेबाची पहिली बायको. लग्न आग्र्याला, 1637 साली, आणि तेही मे महिन्यात! लग्नाआधी शाहजहाननं औरंगजेबाचा दरबारात मान केला, त्या प्रसंगाचं चित्र 'पादशाहनामा'त आहे. ती पोथी आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. म्हणजे लग्नाचे 'फोटो' तेव्हाही होते म्हणायचे. पण दरबारच तो.. नवरी त्यात कुठून असणार?

पुढची वीस वर्षं म्हणजे पाच बाळंतपणं. थोरली झेबुन्निसा 1638 ला दौलताबादला झाली, धाकटा अकबर सप्टेंबर 1657 मध्ये. त्यानंतर साधारण महिन्याभरात दिलरस गेली. लगेच 1658 च्या सुरुवातीला औरंगजेब गादीच्या लढाईसाठी उत्तरेकडे निघाला.

मकबरा तिच्या मुलानं, आजमशहानं, बांधला असं सांगतात. आता हिशेब करा. आजमचा जन्म 1653 चा. आई गेली तेव्हा पोरगं चार वर्षांचं, आणि इमारत 1660-61 च्या सुमारास उभी! प्रोजेक्टवर नाव एकाचं आणि राबणारे दुसरेच, हे आपल्याला काही नवीन नाही. पण इथे राबणाऱ्यांची नावं चक्क मुख्य दरवाज्यावर कोरलेली आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि इंजिनिअर हंसपत राय. अताउल्ला हा ताजमहालवाल्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. खर्च 6,68,203 रुपये 7 आणे अशी नोंद सापडते. (ते 7 आणे मला भयंकर आवडले.) ताजच्या मानानं हे बजेट म्हणजे चिल्लरच. म्हणून संगमरवर खाली साधारण कमरेच्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला, मधे बराचसा चुन्याचा गिलावा.

हे वाचून कळलं होतं, पण दिसलं ते कॅमेऱ्यातून. मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथला सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि माणसांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. म्हणून आम्ही सकाळीच गेलो. ट्रायपॉड आणि लाइट नेले नाहीत, त्याला परवानगी लागते. कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्याला राखाडी समजतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वाढवलं, तर संगमरवर छान उजळला आणि गिलाव्यावरचे डाग, पोपडे, जुनी डागडुजी सगळं उघडं पडलं. 'गरिबांचा ताज' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला तेव्हा राग आला. पैसे कमी होते, पण नक्षीत कुठे हात आखडलेला दिसत नाही.

हो, आजींचं राहिलंच. आदल्या रात्री त्यांना हे सगळं सांगितलं. त्या गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "धाकटं महिन्याचं असताना गेली?"

"हो."

"मग बाहेर काढा काय ते फोटो. आत जाऊन दात काढू नका."

आत कॅमेरा मी बॅगेतच ठेवला. कबर खालच्या पातळीवर आहे, भोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी. वरच्या कठड्यावरून वाकून बघायचं. नवरी बराच वेळ वाकून बघत होती. मग तिनं मित्राला विचारलं, "हिचं वय काय असेल रे?"

त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं, पस्तिशीच्या आसपास.