दोन डब्यांमधला सांधा : मुंबईच्या लोकलपासून बोरघाटापर्यंत कपलरचा इतिहास

१/ रेल्वेच्या इतिहासात इंजिनांची नावे टिकतात, पुलांची छायाचित्रे टिकतात. ज्याच्या भरवशावर गाडी ही 'गाडी' ठरते, तो दोन डब्यांमधला सांधा मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. मागच्या वाहनाला पुढच्याशी जोडताना विश्वासार्ह कपलर कोणता, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षे जुना आहे. त्याचे उत्तर शोधताना अनेक माणसांचे हात आणि प्राण गेले. हा थ्रेड त्या उत्तराविषयी आहे.

२/ आरंभ आपल्या उपनगरातून करू. मुंबई इलाख्याचे अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आले असता मुंबईला ठाणे, कल्याण आणि घाटांशी लोहमार्गाने जोडण्याची कल्पना त्यांना सुचली, असे मध्य रेल्वेचा इतिहास सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी ठाण्याकडे निघाली. साहेब, सिंध आणि सुलतान ही तिची तीन इंजिने. आजच्या कुर्ला, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यातूनच ती गेली.

३/ त्या काळी डबे जोडण्याच्या दोन पद्धती होत्या. पहिली साध्या कड्यांची साखळी. ती सैल असल्याने गाडी सुटताना आणि थांबताना प्रत्येक डब्याला हिसका बसे. दुसरी पद्धत स्क्रू कपलिंगची. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे हेन्री बूथ यांनी १८३६ मध्ये तिचे पेटंट घेतले. दोन कड्यांच्या मध्ये एक स्क्रू. त्याचे आटे एका अर्ध्या भागात उजवे, दुसऱ्यात डावे. दांडा फिरवला की दोन्ही कड्या जवळ येतात, बफर एकमेकांना टेकतात आणि सैलपणा नाहीसा होतो.

४/ युक्ती साधी आणि उत्तम होती. उणीव एकच : तो दांडा फिरवायला माणूस दोन डब्यांच्या मध्ये उभा राहावा लागे. इंजिन हातभर जास्त मागे सरकले, तर बफर आणि बफर यांच्यामध्ये तो माणूस सापडे. शंटिंग पोर्टर आणि पॉइंट्समन या कामगारांचा इतिहास या अरुंद जागेत घडला आहे. त्याला फार जुना समजू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधील बरौनी जंक्शनवर एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डबा यांच्यामध्ये असाच चिरडला गेला.

५/ आता सामर्थ्याचा प्रश्न. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याचा तीव्रतम चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. हिशोब करून पाहा : १,००० टनांची गाडी या चढावर केवळ वर खेचायची, तरी सुमारे २७ टनांचे ओढबळ लागते. सगळी इंजिने पुढे लावली, तर हा संपूर्ण ताण इंजिनामागच्या पहिल्या कपलिंगवर येतो. शेवटच्या कपलिंगवर फक्त शेवटच्या डब्याचा.

६/ म्हणून पुण्याकडे जाताना कर्जतला आणि नाशिककडे जाताना कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात. 'पुढच्या इंजिनात दम नाही म्हणून' ही समजूत अर्धीच खरी आहे. मागून रेटा मिळाला की पुढच्या सांध्यावरचा ताण घटतो. शिवाय एखादा सांधा तुटलाच, तर मागचे डबे उताराला लागण्यापूर्वी त्यांना धरून ठेवणारे इंजिन पाठीशी असते. घाटातली ही रीत म्हणजे कपलिंगच्या मर्यादेची प्रामाणिक कबुली आहे.

७/ ही कबुली न दिल्यास काय होते, ते १८८९ च्या जून महिन्यात आयर्लंडमधील आर्माजवळ दिसले. सहलीची गाडी चढावर अडली. कर्मचाऱ्यांनी ती मधोमध सोडवून पुढचा भाग आधी नेण्याचे ठरवले. गाडीचे ब्रेक स्वयंचलित नव्हते. डबे सुटताच मागच्या भागाचा ब्रेकशी संबंध संपला. तो भाग घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळला. सुमारे ८० माणसे मेली. त्यांत अनेक मुले होती.

८/ त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना सलग स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. त्याचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे : नळी जोडलेली असेपर्यंत ब्रेक मोकळे; नळी तुटली की ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे बिघाड हाच थांबण्याचा आदेश. जुलै २०२४ मध्ये मुंबईकडे येणारी पंचवटी एक्स्प्रेस कसाऱ्याजवळ कपलिंग तुटून दोन भागांत विभागली, तरी कुणी जखमी झाले नाही. अशा प्रसंगी कामी येते ते हेच तत्त्व.

९/ कामगाराला डब्यांमधून बाहेर काढण्याचा मार्ग अमेरिकेत सापडला. एली जेनी यांनी १८७३ मध्ये अशा कपलरचे पेटंट घेतले, जो दोन हातांची वाकवलेली बोटे एकमेकांत अडकावीत तसा धडकताक्षणी जुळतो. पुढे जुळणाऱ्या पृष्ठभागाच्या आकारावरचा हक्क त्यांनी सोडून दिला, त्यामुळे वेगवेगळ्या कारखान्यांचे कपलर एकमेकांशी जुळू लागले. १८९३ च्या कायद्याने तेथे स्वयंचलित कपलर सक्तीचे झाले.

१०/ येथे या इतिहासातली खरी अडचण दिसते. कपलर हा अर्धा करार असतो; उरलेला अर्धा समोरच्या डब्याकडे. एकट्या डब्याने उत्तम कपलर निवडून भागत नाही. जपानने यावर धाडसी तोडगा काढला : नवे कपलर आधीच वाघिणींखाली लटकवून ठेवले आणि जुलै १९२५ मध्ये ठरल्या दिवशी एकदम बदल केला. भारतात तसा दिवस उगवला नाही. मालवाघिणींना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यवर्ती कपलर आले. प्रवासी डबे मात्र दीर्घकाळ स्क्रू आणि बफरवरच राहिले.

११/ याला अपवाद आपली लोकल. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. १९२८ च्या जानेवारीत बी.बी.सी.आय. रेल्वेची वीज बोरिवलीपर्यंत पोहोचली. लोकलला दोन टोकांना बफर असलेल्या स्वतंत्र डब्यांची गरज नव्हती. ती युनिटांनी बनते. रूढ रचनेत १२ डब्यांची लोकल म्हणजे ३-३ डब्यांची चार युनिटे.

१२/ आणि येथे एक गमतीचा शब्द भेटतो. युनिटमधल्या ज्या डब्याला मोटर नसते, त्याला रेल्वेच्या भाषेत 'ट्रेलर कोच' म्हणतात. १२ डब्यांच्या त्या रचनेत मोटर कोच चार, ट्रेलर आठ. अंधेरीला किंवा घाटकोपरला आपण चढतो, तेव्हा बहुधा कुणाच्या तरी ओढीवर चालणाऱ्या डब्यातच चढतो. युनिटच्या आतले सांधे जवळपास कायमचे असतात. युनिटांच्या टोकांना जर्मन अभियंता कार्ल शार्फेनबर्ग यांच्या रचनेचा कपलर असतो. कारशेडमध्ये तो 'शाकू' या लाडक्या नावाने ओळखला जातो.

१३/ लांब पल्ल्याच्या डब्यांना मध्यवर्ती कपलर मिळाला तो एलएचबी डब्यांबरोबर, २००० नंतर. जुन्या डब्यांचे सांधे अपघातात सुटत आणि डबे एकमेकांवर चढत. नवा कपलर घट्ट पकडून ठेवतो आणि चढण्याला अटकाव करतो. २०१८ पासून जुन्या बनावटीचे डबे बांधणेच थांबले. बूथ यांच्या स्क्रूची सद्दी संपू लागली, पण अजून पुरती संपलेली नाही.

१४/ या इतिहासातून ट्रॅक्टरला ट्रॉली किंवा गाडीला ट्रेलर जोडणाऱ्यानेही तीन प्रश्न उचलावेत. भरलेल्या वजनासह चढावर येणारा ताण हा सांधा पेलेल का? त्याची दुसरी बाजू तंतोतंत जुळते का? आणि जोडणारा माणूस दोन वाहनांच्या मध्ये किती वेळ उभा राहणार?

१५/ चौथा प्रश्न आर्माने शिकवलेला, आणि सर्वांत मोठा : हा सांधा सुटला तर? सुरक्षासाखळी आणि सुटताक्षणी आपोआप लागणारा ब्रेक नसेल, तर सर्वांत मजबूत कपलरही अपुराच. कधीच न तुटणारा सांधा आजवर कुणी घडवलेला नाही. विश्वासार्ह सांधा तो, ज्याच्या तुटण्याचा विचार जोडण्यापूर्वीच झालेला असतो.

थ्रेड समाप्त. वाचकांपैकी कुणाच्या घरी कारशेडमध्ये किंवा शंटिंगवर काम केलेले कुणी असेल, तर त्यांच्या आठवणी खाली अवश्य लिहाव्यात. हा इतिहास दप्तरांपेक्षा त्यांच्याकडे अधिक आहे.