भाग: नांदेडचं विमान कुठे गेलं?

आज गोष्ट ट्रूजेटची. नांदेडच्या बऱ्याच जणांनी आयुष्यातलं पहिलं विमान याच कंपनीचं पकडलं असेल.

2008 मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, तेव्हा नांदेडचं विमानतळ नव्यानं सजलं. किंगफिशर नांदेडला आली, लातूरलाही आली. 2012 मध्ये किंगफिशरच जमिनीवर बसली. 2009 मध्ये नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती अशी पाच विमानतळं रिलायन्सला भाडेपट्ट्यानं दिली गेली होती. म्हणजे धावपट्टी होती, मालक होता, विमान तेवढं नव्हतं!

मग 27 एप्रिल 2017. पंतप्रधानांनी शिमल्यातून ‘उडान’ योजना सुरू केली, आणि त्याच कार्यक्रमात ट्रूजेटच्या हैदराबाद–नांदेड विमानालाही व्हिडिओवरून हिरवा झेंडा दाखवला. देशातल्या पहिल्या तीन उडान मार्गांत आपलं नांदेड, विचार करा. ट्रूजेट हैदराबादची, 2015 मध्ये सुरू झालेली. तेलुगू स्टार राम चरण तिच्याशी जोडलेला. विमानं एटीआर 72, पंख्याची, साधारण सत्तर सीटची.

मला यात जुना धागा दिसतो. निजामाच्या राजवटीत नांदेडची राजधानी हैदराबादच होती, आणि त्या संस्थानाची स्वतःची डेक्कन एअरवेजही होती. 1953 मध्ये राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये गेली. राजधानी बदलली, तरी दवाखाना, कॉलेज, नोकरी यासाठी आपली माणसं आजही हैदराबादच गाठतात.

आता खरी गोम ऐका. उडानमध्ये साधारण निम्म्या सीटचं भाडं बांधलेलं, तासाभराच्या प्रवासाला 2,500 रुपयांच्या आसपास. तोटा सरकार भरून देणार, शिवाय त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला प्रवेश नाही. पण हे सगळं तीनच वर्षं. तेवढ्यात प्रवाशांना सवय लागेल आणि मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, असा हिशेब. आता एप्रिल 2017 मध्ये तीन वर्षं मिळवा. एप्रिल 2020! देशात लॉकडाउन, 25 मार्चपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानं बंद. मुदतवाढ मिळाली खरी, पण विमानाचं भाडं, पगार, देखभाल थांबत नाही. मोठ्या कंपनीला दिल्ली–मुंबईचा आधार असतो, छोटीला कुठला? फेब्रुवारी 2022 मध्ये ट्रूजेटची उड्डाणं थांबली.

माझ्या मते दोष नुसता कोरोनाचा नाही. मोजक्या विमानांवर चालणारी कंपनी एका धक्क्यात कोलमडणार, हे योजना आखतानाच दिसायला हवं होतं.

मार्च 2024 अखेर नांदेडला स्टार एअर आली, कोल्हापूरकडच्या घोडावत समूहाची. यावेळी जेट आहे. लातूरकरांना मात्र उडानचं तेवढंही सुख लाभलं नाही. तिकडची मंडळी, तुम्ही विमान पकडायला कुठे जाता? हैदराबाद, पुणे की नांदेड? कॉमेंटमध्ये सांगा.